नऊ बटणं

“ही बटणं कोणी लावली?”

अपंगत्व तपासणाऱ्या समितीतल्या मधल्या डॉक्टरने पेन न उचलता विचारलं. दौलतच्या तपकिरी कोटाची नऊच्या नऊ बटणं मीच लावली होती, त्या सकाळी, तिच्या खोलीत. तिची बोटं मिटतच नसत.

इजिप्तमधल्या महल्ला शहराच्या कापडगिरणीत सव्वीस वर्षं ती माझ्या शेजारच्या मागावर होती. तुटलेला धागा बोलता बोलता जोडायची. मला माग थांबवावा लागे. मग सांधे आखडले आणि गिरणीने तिला घरी बसवलं. अपंगत्वाचं कार्ड मिळालं तर सरकारी भत्त्यावर स्वतःच्या खोलीत राहता येणार होतं. नाहीतर टांटा शहरात, भावजयीच्या दारात.

सरकारी कचेरीत जायचं ते लग्नाला गेल्यासारखं, ही आमची रीत. म्हणून मी तिची वेणी घातली, काजळ घातलं, रुमाल इस्त्री करून डोक्याला बांधला.

“बाई, तुम्हालाच विचारतोय.”

मी तोंड उघडलं. दौलतने असं बघितलं की ते तसंच मिटलं. समोर तीन परके पुरुष.

“मीच लावली,” ती म्हणाली. “दुसरं कोण लावणार?”

“वा! आणि काजळसुद्धा!” शेजारचा हसला. “आमच्या बायकोला नाही जमत एवढं नेटकं.”

मेल्यांनी तिचा हात हातात घेऊनसुद्धा बघितला नाही. पत्रात एकच ओळ आली: स्वतःचे कपडे स्वतः घालते, अर्ज नामंजूर.

“अगं मूर्ख बाई, खरं सांगायला काय झालं होतं?” मी भांडले.

“तुला काय! तुझी बोटं तुझं ऐकतात.”

फेरतपासणी एकदाच मिळते. गल्लीतली उम्म शौकी, म्हणजे शौकीची आई, म्हणाली, “फाटका झगा घाल, केस पिंजार. माझ्या दिराला तस्संच मिळालं कार्ड!”

दौलतने तोच कोट पुढे केला. “खरं सांगेन. पण उघड्या अंगाने जाणार नाही.”

सांगितलंही तिने. तर तोच डॉक्टर म्हणाला, “म्हणजे मागच्या वेळी सरकारी समितीशी खोटं बोललात?” आणि नामंजुरीचा शिक्का मारला. चाळीस वर्षं झाली, तो आवाज मी अजून विसरले नाही.

टांटाच्या गाडीपाशी ऊन तापलं होतं. कोटाची बटणं लावता लावता मी म्हटलं, “वरचं राहू दे उघडं. उकडेल.”

“सगळी लाव,” दौलत म्हणाली. “तिथे कोण लावणार?”

आणि मला नववं बटण सापडावं म्हणून तिने हनुवटी वर केली.