शनिवारची गोळी

सुलेखानं दुधाचा पेला नाकाशी नेला. वास दुधाचाच होता, रंगही पांढराशुभ्र. तरी तिच्या आईनं, सारजाबाईंनी, तोंड फिरवलं.

"हळद घातली व्हय गं? समदं पिवळं दिसायलंय."

सुलेखाची नजर खिडकीबाहेर गेली. महादेवाला फुलं हवीत म्हणून रत्नमालावहिनीनं अंगणात कण्हेर लावली होती. कण्हेर विषारी, हे शेंबडं पोरही सांगेल. आईला आधी मळमळ, मग बरळणं, गेल्या खेपेला तर पोटच्या लेकीलाच तिनं "तुम्ही कोण?" विचारलं. 

वहिनीवरचा तिचा विश्वास तसा जुनाच उडालेला. दर शनिवारी ती दौलताबादहून माहेरी यायची. एकदा आईच्या हृदयाच्या गोळीची वेळ टळली, तेव्हा तिनं विचारलं होतं.

"आज गोळीला सुट्टी असते, ताई," वहिनी म्हणाली.

गोळीला सुट्टी! सुलेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून तिनं तीच गोळी विकत घेतली. वहिनीची पाठ वळली की आईच्या तोंडात दोन टाकायची. एक आजची, एक मागच्या बुडालेल्यांपैकी.

आज तिनं हट्टानं आईला रिक्षात बसवून औरंगपुऱ्यात नेहमीच्या डॉक्टरांकडे आणलं. वहिनीही मुकाट्यानं सोबत आली.

"रक्तात विष सापडतं ना?" वहिनीकडे बघत सुलेखानं विचारलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर गंभीर झाले.

"हृदयाची गोळी जास्त झालीय. पेशीपेशीत मीठ बाहेर उपसणारे पंप असतात, ही गोळी ते अडवते. हृदयाला बळ द्यायला ते थोडंसंच अडवावं लागतं. प्रमाण वाढलं की डोळे, मेंदू, सगळं बिघडतं. गोळी कोण देतं?"

"मीच," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

सुलेखा खुर्चीत ताठ बसली. चोर सापडला होता.

"शनिवार-रविवार सुट्टी पाळता ना? अंगात साठू नये म्हणून सांगितलं होतं."

"एकदाही चुकवली नाय, डॉक्टर."

सुलेखाचा हात मांडीवरच्या पर्सवर घट्ट दाबला गेला. सारजाबाईंनी तोच हात चाचपडत धरला आणि त्या कौतुकानं हसल्या.

"शनिवारची माझी लेक देती की. दोन-दोन. लई माया तिची."

वहिनीनं मान वर केली नाही. सासूचा घसरलेला पदर ती नीट करत राहिली.