फक्त खसखशीसाठी

मित्रांनो, मी एक जुनं खिमा यंत्र आहे. ओतीव लोखंडाचं, वरून कथिलाचा मुलामा दिलेलं. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचं, वरच्या तोंडातून माल टाकायचा आणि दांडा फिरवायचा, एवढंच माझं काम. नाव खिमा यंत्र असलं, तरी मी आयुष्यभर खिमा काढलाच नाही. मी दळली ती खसखस.

माझी मालकीण एका घड्याळजीची बायको. सुना आल्यावर येणारे-जाणारेही तिला सासूबाईच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. लग्न होऊन ती दूरच्या देशातून या बर्फाळ गावात आली, तेव्हा तिच्या आईने मला कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी घालून दिलं होतं. तिच्या माहेरी नाताळात खसखशीचा गोड रोल करत. खसखस गरम दुधात भिजवायची, माझ्यातून दोनदा काढायची, मग मध आणि लिंबाची साल घालून पिठाच्या पोळीवर पसरायची आणि गुंडाळी करून भाजायची. कापल्यावर आत काळं वेटोळं दिसे. पाहुणे मिटक्या मारत आणि सासूबाईंचं नाक वर होई. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता, आणि मला तो आवडत असे.

घरात दोन सुना आल्या. थोरली बंदराकडची. तिच्या माहेरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी खारवलेला मासा तीन दिवस भिजवून, बटाटे आणि तेल घालून करत. पहिल्याच वर्षी सासूबाई म्हणाल्या, "माशाचा वास घरभर होईल." थोरलीने पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. दोन वर्षांत ती नवऱ्याला घेऊन वेगळी झाली.

धाकटी मात्र राहिली. ती उन्हाच्या देशातली. तिच्याकडे नाताळात मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळत, त्यात चरबी फेटत, मधे मिरचीत शिजवलेलं मांस भरत आणि मक्याच्या वाळल्या पानात पुड्या बांधून वाफवत. आत्या, मावश्या, पोरीबाळी, सगळ्या मिळून दोन दिवस हेच काम. तिने पहिल्या वर्षी विचारलं, "या यंत्रात मका दळू का?"

"ते फक्त खसखशीसाठी आहे," सासूबाई म्हणाल्या. "चुन्याचा वास लागला की गेलं."

मित्रांनो, मला गरम पाण्याने धुतलं की कसलाही वास राहत नाही. पण मला विचारतो कोण?

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत म्हणाला, "आईच्या मनाविरुद्ध कशाला? पुढच्या वर्षी बघू." अशी सहा पुढची वर्षं गेली. रोल आता धाकटीच करू लागली होती, कारण सासूबाईंचं मनगट दुखायचं. त्या खुर्चीत बसून सांगत आणि ही दांडा फिरवी. चौथ्या वर्षापासून सांगायचीही गरज उरली नाही. पाहुणे मात्र म्हणत, "सासूबाई, तुमच्या हाताची चव कुठे मिळायची नाही!" सासूबाई हसून मान डोलावत. धाकटी बशा गोळा करी.

सातव्या वर्षी धाकटीची आई आली. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली ठेंगणी बाई. पेटीत कपडे कमी आणि वाळल्या मिरच्या, मक्याचे दाणे आणि पानांचे गठ्ठे जास्त. तिला इथली भाषा येत नव्हती. तिने आल्याआल्या मका चुन्यात शिजवून ठेवला आणि सकाळी पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आनंदाने तिने माझ्या दांड्यावर हात ठेवला. हात खरखरीत होता, पण पकड जाणत्या बाईची होती.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "विहीणबाईंना सांग, ते खसखशीचं आहे."

धाकटीचा चेहरा उतरला. ती आईला तिच्या भाषेत म्हणाली, "आई, याचं पातं मोडलंय गं."

आईने माझी पुढची चकती फिरवून काढली. आतली चारही पाती धड होती. तिने ती बोटाने पुसली, परत बसवली आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "असू दे बाई. लोखंडच ते, मोडायचंच."

मका कचऱ्यात गेला. धाकटीचा नवरा त्या वेळी पायऱ्यांवरचा बर्फ काढत होता, आणि तो तासभर आत आलाच नाही. चार दिवसांनी आई परत गेली. पानांचे गठ्ठे तिने ओट्याखालच्या खणात ठेवले होते. दोन वर्षांनी ती वारली.

पुढे बरीच वर्षं गेली. सासूबाई थकल्या, काठीने चालू लागल्या. एका नाताळात त्या सहज म्हणाल्या, "तुझं ते मक्याचं कधी करत नाहीस का गं?"

धाकटी पाठमोरी होती. "तुम्ही नको म्हणाला होतात."

"मी? मी कधी नको म्हटलं?"

खरंच आठवत नव्हतं त्यांना! धाकटीला ज्याने वर्षानुवर्षं पोखरलं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

धाकटीने खणातून आईची पानं काढली, मका आणून शिजवला आणि माझ्यात तो पहिल्यांदा पडला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. चुना किती, चरबी किती, वाफ किती वेळ, तिला काहीच ठाऊक नव्हतं. माहेरी ती लहान, म्हणून तिच्याकडे फक्त पुड्यांच्या गाठी मारायचं काम असे. आत्या, मावश्याही आता उरल्या नव्हत्या. पुड्या दगडासारख्या झाल्या आणि चुन्याने कडवट लागल्या. सासूबाईंनी एक घास खाऊन बशी सरकवली. "एवढ्यासाठी होय?" नवरा म्हणाला, "छान झालंय की," आणि पाणी प्यायला. धाकटीने उभ्याउभ्या तीन पुड्या खाल्ल्या, शेवटच्या कणापर्यंत.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. त्या नाताळात सगळे जमले. नणंद म्हणाली, "वहिनी, आईचा रोल आता फक्त तुला येतो. आम्हाला शिकव ना."

"मला येत नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, इतकी वर्षं तूच तर करतेस!"

"मी नुसता दांडा फिरवत होते, वन्सं. चव त्यांच्या हाताची होती. तुम्हीच सगळे म्हणत होता ना?"

शेवटी दुकानातून आणलेला रोल कापून सगळ्यांनी खाल्ला. नंतर धाकटीची लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, मला तरी सांग. कुठलंही एक सांग." धाकटी भांडी घासत राहिली. मला वाटलं होतं, सूड घेतल्यावर तिला हलकं वाटेल. पण तिचे खांदे तसेच ताठ होते. तिच्या आईचा पदार्थ सासूने बुडवला आणि सासूचा तिने. लेकीच्या हाती काहीच आलं नाही.

मित्रांनो, मी आता जुन्या सामानाच्या दुकानात, कुलपांच्या टोपलीशेजारी पडून आहे. मला कोणी तेलपाणी करावं, असं माझं मागणं नाही. तुमच्या घरी दुसऱ्या घरातून कोणी आलं असेल, तर तिला विचारा, सणाला तुमच्याकडे काय करतात? आणि विचारलंत तर टेबल रिकामं करून द्या. फक्त उशीर करू नका. तिची आई हयात आहे तोवर विचारा.