मांडलिकाचा उजवा हात

नमस्कार. मी माऊस. बिळातला नव्हे, टेबलावरचा. काळा, वायरीचा, डाव्या बटणावरची चकाकी उडालेला. बदनापुरात रेल्वे स्टेशनच्या अलीकडे राजानंद यांचं घर आहे, त्या घराच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम असतो. आता सगळं निभावलं आहे, म्हणून निवांतपणे सांगायला बसलोय. मधल्या काळात विचारलं असतंत, तर मला एक शब्द सांगता आला नसता.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. सरकता पट्टा, त्यावर माझ्यासारखेच कितीतरी, आणि बटणं दाबून पाहणारं एक बोट, एवढंच आठवतं. पुढे नवीन जालन्यातल्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. राजानंद यांची मुलगी सुमेधा तिथे आली. दुकानदारानं पुढे टाकलेल्या प्रत्येक माऊसवर तिनं हात ठेवून पाहिला आणि मला उचललं. "हा बराबर बसतो हातात," ती म्हणाली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

माझी एक अडचण आधीच सांगतो. माझा डोळा पोटाला आहे. मला दिसतो तो फक्त टेबलाचा सनमायका. माणसं मला त्यांच्या हातावरून कळतात, नाहीतर बोलण्यावरून. पडद्यावरचं मात्र समजतं, कारण तिथला बाण माझ्याच चालीनं चालतो.

सुमेधा जालन्याच्या एका बियाणे कंपनीत प्रयोगशाळेत काम करायची. रोज रेल्वेनं जाणं-येणं. रविवार आला की तिचा एक खेळ असायचा. जुन्या काळातला खेळ, त्यात राजे, किल्ले, घोडदळ. पण तिला राजा व्हायचं नसे. ती मांडलिक व्हायची. म्हणजे मोठ्या राजाच्या हाताखालचा लहानसा सरदार. एक खोरं आणि एक गढी घेऊन सुरुवात करायची. राजाला खंडणी पाठवायची, त्यानं बोलावलं की फौज घेऊन जायचं, आणि त्याच्या डोळ्यांत न खुपता आपला मुलूख वाढवत न्यायचा.

"राजा होऊन कुणीबी वाढवील, पप्पा," ती सांगायची. "दुसऱ्याच्या हाताखाली राहून वाढवणं कठीण."

पप्पांना त्याचं काही कौतुक नव्हतं. राजानंद एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी जालना, भोकरदन, जाफ्राबाद अशा फेऱ्यांत गेली. त्यांचा आवाज असा, की भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूससुद्धा आपल्या गावाला बरोबर उठायचा. "सकाळधरनं उंदीर फिरवून राह्यली," ते ओसरीवरून ओरडायचे, "त्यापरीस आईला मदत कर जरा!" त्या आवाजानं टेबल थरथरायचं आणि मीही.

निवृत्त होऊन वर्षही झालं नसेल. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून वाटी पडली. मला फक्त तो आवाज ऐकू आला, आणि मागोमाग मालनबाईंची, म्हणजे सुमेधाच्या आईची, हाक. रिक्षा आली, माणसं धावली, दार ओढून घेतलं गेलं. मग पुष्कळ दिवस घरात कुणी बसलंच नाही. माझ्यावर धूळ साचली. मला तिचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते शांततेचं.

ते परत आले तेव्हा त्यांची खाट पुढच्या खोलीत, माझ्या टेबलाला लागून टाकली. उजवं अंग लुळं पडलं होतं. आणि तो आवाज गेला होता. समजत सगळं होतं, बोलायला मात्र एकच शब्द उरला होता, "तेच."

"चहा घेता का?"

"तेच."

"पाठीला उशी देऊ?"

"तेच, तेच!"

आपल्याला म्हणायचं होतं एक आणि तोंडातून निघालं दुसरं, हे त्यांना कळायचं. आधी ते चिडायचे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. रोज सकाळी मालनबाई बुद्धवंदना म्हणायच्या, पूर्वी त्यांच्या जोडीला राजानंदांचा खडा सूर असायचा. आता त्या एकट्याच म्हणायच्या, आणि मध्येच थांबायच्या.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. ज्याला बोलता येत नाही, त्याला ऐकूही येत नाही असं ती धरून चालतात. पाहुणे यायचे आणि त्यांच्या अंगावरूनच एकमेकांशी बोलायचे. मालनबाईंचे भाऊ भुजंगमामा मोसंबीची गोणी घेऊन आले होते. माणूस मायाळू. पण खाटेशेजारी बसून म्हणाले, "ताई, आता दाजीचं असंच राहणार. मनाची तयारी ठेव." खाट करकरली.

जालन्याहून सूरज नावाचे व्यायाम देणारे डॉक्टर घरी यायचे. त्यांनी रबरी चेंडू दिला होता, उजव्या हातानं दाबायला. राजानंदांनी तो एकदा दाबला आणि खाली टाकून दिला. डॉक्टर सुमेधाला म्हणाले, "काकांना चेंडूत गोडी न्हाई. ज्यात गोडी आहे असं काहीतरी हाताला द्या."

पण कशात गोडी आहे, हे सांगणार कोण?

एका रविवारी बऱ्याच दिवसांनी सुमेधानं माझी धूळ पुसली. मन रमवायला बसली होती बिचारी. शेजारच्या सरदाराचं खोरं मोकळं दिसत होतं, राजाला न विचारता घ्यायचं तिच्या मनात आलं. मी बाण घेऊन त्या गढीवर गेलो. तोच खाटेवर थाप बसली.

"तेच! तेच!"

"काय झालं पप्पा? पाणी पाहिजे?"

पुन्हा थाप. तिनं त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं असावं, कारण ती हळू आवाजात म्हणाली, "हे नको घेऊ म्हणता?" आणि मग, "पप्पा, तुम्ही पाहून राह्यले होते का एवढा वेळ?"

तिनं खाट आणखी जवळ ओढली, त्यांना टेकून बसवलं आणि त्यांचा उजवा हात माझ्यावर ठेवला.

तो हात मी कधी विसरणार नाही. जड आणि गार. मला धरणं त्याला जमेना, माझ्या पाठीवर तो नुसता पडून राहिला आणि घसरला. तिनं परत ठेवला. पुन्हा घसरला. डाव्या हातानं ते सहज करू शकले असते, पण ती म्हणाली, "उजव्यानंच." मग तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि आम्ही तिघं मिळून बाण हलवला. राजाच्या दरबारात गेलो. परवानगी मागायचं बटण दाबायला त्यांच्या बोटात जोर नव्हता. मी जमेल तितका हलका झालो. बटण दबलं.

राजानं परवानगी नाकारली. राजानंद हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले, असं मालनबाई नंतर सगळ्यांना सांगत होत्या.

त्यानंतर रविवारची वाट कुणी पाहिली नाही. काही आठवड्यांनी तर सुमेधा कामावर गेली की ते स्वतः, त्याच उजव्या हातानं, मला ओढून घेऊ लागले. त्यांची तऱ्हा तिच्याहून निराळी. राजानं बोलावलं की पहिली फौज यांची. कुणाला नको असलेलं दलदलीचं खोरं त्यांनी मागून घेतलं आणि वसवलं. कधीकधी फारच जपून खेळायचे. एकदा नुसता विचार करत राहिले आणि हाताशी आलेली एक गढी शेजाऱ्यानं नेली. त्या रागात मला आपटलंसुद्धा. मला त्याचा आनंदच झाला. आपटायला जोर लागतो.

मालनबाई आधी लांबूनच लसूण सोलत बघायच्या. नंतर लग्नं जुळवायचं खातं त्यांच्याकडे गेलं. खेळात सोयरीक झाली की मुलूख जोडला जायचा. सुमेधा स्थळांची चित्रं दाखवायची. "ही नको," मालनबाई सांगायच्या, "हिची आई खाष्ट दिसून राह्यली. ती दुसरी बघा, नाक बसकं हाय पण पोरगी गुणाची वाटती." आणि त्यांची निवड फळाला यायची. दोन खोरी तर नुसत्या त्यांच्या सोयरिकीनं आली.

खेळात जिंकलेल्या गढ्यांना आपल्या पसंतीची नावं देता यायची. राजानंदांनी आपल्या एसटीच्या फेऱ्यांच्या जुन्या वेळापत्रकात बघून, एका बोटानं एकेक अक्षर टाइप करून एकेकीला राजूर, टेंभुर्णी, भोकरदन अशी नावं दिली. कळफलकावरचं ते अडखळत चालणारं बोट ऐकत मी शेजारी बसून राहायचो.

मग तो दिवस आला. रविवारची दुपार होती. खेळातला म्हातारा राजा मेला आणि त्याचा लहान मुलगा गादीवर आला. शेजारच्या सरदारांनी निरोप धाडला, आम्ही बंड करतोय, सामील व्हा, दोन किल्ले तुमचे.

राजानंद थकले होते म्हणून मी सुमेधाच्या हातात होतो. "पप्पा, दोन किल्ले फुकट!" ती म्हणाली. "हो म्हणून टाकते." बाण 'हो' वर गेला. तिचं बोट माझ्या बटणावर टेकलं आणि बटण अर्धं खाली गेलं.

"थांब!"

तो आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. सुमेधाचा हात माझ्यावरून उडाला. आत मालनबाईंच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं आणि त्या धावत आल्या. "कोण बोललं? कोण बोललं?"

आपण बोललो हे राजानंदांनाही पटत नसावं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "थ... थ..." पुढे काही निघेना. मग "तेच" निघालं, आणि या वेळी तिघंही हसत-रडत होते.

"पण का थांबायचं, पप्पा?" नाक ओढत सुमेधानं विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं असेल, कारण उत्तर मालनबाईंनी दिलं. "अगं, लेकरू हाय ते गादीवर. एकट्या लेकराच्या अंगावर जायचं का?"

आम्ही बंडात गेलो नाही. लेकराच्या बाजूनं लढलो, दोन गढ्या गमावल्या, पण गादी राहिली. पुढे राजमातेनं राजानंदांना पूर्वेचा सगळा मुलूख दिला.

वाचा एकदम आली नाही. डॉक्टरांनी मेहनत घेतली, सुमेधानंही. एका सकाळी वंदनेत मालनबाईंच्या आवाजाखाली एक जाडसर घोगरा सूर लागला. मालनबाई थांबल्या नाहीत, न जाणो तो सूर बंद पडला तर. मग गढ्यांची नावं येऊ लागली. बाण गढीवर नेला की ते म्हणायचे, "रा... राजूर." कधी यायचं, कधी भलतंच यायचं.

अशात घरात एक जुनी गोष्ट बाहेर आली. सुमेधाला कंपनीनं हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत बढती देऊ केली होती आणि वडिलांच्या आजारपणामुळे तिनं घरी न सांगता नाही म्हटलं होतं. साहेबांनी पुन्हा विचारायला फोन केला, तो मालनबाईंनी ऐकला. योगायोगानं भुजंगमामा आलेच होते.

"नाही म्हटलं ते बराबर केलं," मामा म्हणाले. "एवढ्या दूर एकटी पोरगी. आन् इथं दाजीला कोण बघंल? दाजीला काय समजतंय आता."

माझ्यावरची बोटं आवळली गेली. उजवी बोटं. माझं प्लॅस्टिक करकरलं.

"समजतं," राजानंद म्हणाले.

मामांची खुर्ची मागे सरकली.

"सगळं... समजतं." पुढचे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "सुमेधा... जाईल. मी... हाय."

भुजंगमामा उठले आणि त्यांनी खाटेवर बसून दाजींना मिठी मारली. "मला माफ करा दाजी. मी काय काय बोललो तुमच्यासमोर!" हुंदके देत होते. राजानंद त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले, आणि म्हणाले, "मोसंबी... गोड होती."

सुमेधा गेली. दार लागलं तेव्हा मला वाटलं, पुन्हा ती शांतता येणार. पण त्याच रविवारी दुपारी फोन वाजला. आता हा खेळ दोघं दोन गावांतून खेळतात. ती तिकडे राणी आहे आणि हे इकडे तिचे मांडलिक. तिनं एक अट घातली आहे, नवीन खोरं हवं असेल तर फोनवर तोंडानं मागायचं, पूर्ण वाक्यात. तर हे मागतात, अडखळत, घाम गाळत. "राणीसाहेब, नदीपलीकडचं खोरं... मला... द्यावं." मागून मालनबाई ओरडतात, "आन् विचारा, जेवली का!"

माझं आता वय झालं. एकदा दाबलं तर दोनदा उमटतं, वायर बुडाशी चिरली आहे, चिकटपट्टीवर दिवस काढतोय. एखाद्या दिवशी नवा माऊस येईल. येऊ दे. जो हात माझ्यावरून घसरून पडायचा, तो आता मला उचलून टेबल पुसतो. याहून जास्त मला काही नको. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर त्याच्या अंगावरून बोलू नका. त्याच्याशी बोला, आणि उत्तराला वेळ द्या.

मागच्या रविवारची गोष्ट सांगतो आणि तुमचा निरोप घेतो. राजानंदांचा मुलूख आता राणीच्या मुलखाएवढा झाला आहे. सुमेधा फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही लई मोठे झाले. मी तुम्हाला मोकळं करते. आता तुम्ही स्वतंत्र राजे. मला काही विचारायची गरज न्हाई."

पडद्यावर दोन बटणं आली. राजानंदांच्या बोटांनी मला धरलं आणि बाण सरळ 'नको' वर नेला.

"का हो पप्पा?"

या वेळी शब्द आले ते सगळे ओळीनं, एकही न सांडता.

"राजा झालो, तर दर रविवारी तुला फोन कशाला करू?"