भिंतीला टेकलेल्या टाचा

गुरुवारी सकाळी आठलाच उंद्रीच्या अलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडपुढे कंबर धरून उभ्या माणसांची रांग पार रस्त्याला लागायची. कोणी काठीवर, कोणी लेकाच्या खांद्यावर. एक जण तर शेगावहून दर्शन उरकून बाजेसकट टेम्पोत आलेला. आत रंगराव पायाळू. कालपरवापर्यंत हा गडी आठवडी बाजारात लसूण विकायचा. पण जन्मला पायाकडून, आणि पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीतली उसण पळते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लसणापेक्षा लाथेला गिऱ्हाईक जास्त, हे रंगरावाला उशिरा का होईना कळलं.

रोग्याला तो भिंतीशी उभा करी. टाचा आणि बूड भिंतीला घट्ट टेकलेलं. "दुखण्यानं तुले खिळून ठेवलं हाये. वाक बरं, पाहू कितीक खिळलं." रोगी वाके, बोटं गुडघ्याशी पोचतात न पोचतात तोच तोल जाई आणि दोन चेले त्याला झेलत. मग त्याला शेडच्या मधोमध आणून कमरेवर डाव्या पायाची लाथ. पुन्हा वाकायचं, की बोटं थेट नडगीखाली. बायाबापड्या हात जोडत. शेवटी रंगराव ताकीद देई, की एकवीस दिवस 'दुखते' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला की गुण उतरला.

जिल्हा परिषद शाळेतले देवानंद गुरुजी एका गुरुवारी रांगेत होते ते आईसाठी. केसरबाईंची पाठ तीन महिन्यांपासून दुखत होती आणि आता पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर प्रतिमाताईंनी त्यांना सगळं विचारून लिहून घेतलं होतं. घागर उचलता येते का, किती वेळ बसवतं, कूस बदलता येते का. मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं आणि घड्याळ पाहिलं. वीस सेकंद लागले, पंधराच्या आत व्हायला हवं होतं. माणूस काय सांगतो आणि त्याला काय करता येतं, दोन्ही पाहावं लागतं, असं म्हणून त्यांनी सोमवारची एमआरआय लिहून दिली होती. पण सोमवारच्या आधी गुरुवार आला, आणि केसरबाई हट्टाला पेटल्या. निदान सोबत तरी जाऊ, म्हणून गुरुजी गेले.

केसरबाईंना लाथ बसली. त्या वाकल्या. सोमवारी मात्र दवाखान्यात यायला साफ नाही म्हणाल्या. मशीनीत झोपायचं म्हणजे दुखणं आहे असंच कबूल करायचं, मग गुण राहील कसा?

गुरुजींचं डोकं भिंतीपाशीच अडकलं होतं. शाळेत त्यांनी सातवीच्या सतरा पोरापोरींना तसंच उभं केलं आणि वाकायला सांगितलं. धडधाकट लेकरं, पण सगळी धडाधड पुढे पडली. गुरुजी हसले, आणि मग त्यांना रागही आला. वाकताना माणसाचं बूड आपोआप मागे सरकतं, म्हणून तोल राहतो. मागे भिंत असली की सरकायला जागाच नाही. पैलवान असला तरी वाकू शकणार नाही. भिंतीपासून हातभर पुढे आणा, लाथ मारा नाहीतर मारू नका, वाकता येणारच.

मग ते कामाला लागले. पत्रकं लिहिली, चार गावांत मुलांकडून प्रयोग करून दाखवला. घरी यायला दिवस मावळायचा. पायरीवर चपला काढताना रोज विचारायचे, "माय, कसं हाये?" आतून उत्तर यायचं, "बरं हाये." ते ऐकून गुरुजी जेवायला बसायचे.

तिसऱ्या गुरुवारी ते भर शेडमध्ये भिंतीला टाचा लावून उभे राहिले आणि पडून दाखवलं. मग पुढे येऊन, कोणाचीही लाथ न खाता, जमिनीला बोटं टेकवली. रंगरावाने क्षणभर मिशी चावली आणि हात वर केले.

"पाहा लोकहो! गुरुजीले लाथ माराचीबी गरज नाई पडली. एवढा या जागेचा गुण हाये!"

टाळ्या पडल्या. पुढच्या गुरुवारी रांग आणखी लांबली असं म्हणतात. गुरुजी ती पाहायला गेले नाहीत.

कारण त्याआधीच, एकोणिसाव्या दिवशी, केसरबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांना उठताच आलं नाही. दवाखान्यात नेल्यावर प्रतिमाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. पाचदा सोडा, एकदाही जमलं नाही. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी दिसला. पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता. आता ऑपरेशन करू, गोळ्या सुरू करू, प्रतिमाताई म्हणाल्या, पण गेलेले पाय परत येतील असं सांगवत नाही. तीन आठवड्यांपूर्वी तर केसरबाई चालत आल्या होत्या, असंही म्हणाल्या.

गुरुजी खाटेपाशी गेले. "माय, खरं सांग. कधीपासून जास्त झालं?"

केसरबाई छताकडे पाहत राहिल्या. "दोनच दिवस राह्यले रे एकवीसले," त्या म्हणाल्या. "आता काऊन मले बोलायले लावून राह्यला?"

गुरुजी व्हरांड्यात येऊन रडले. अख्ख्या पंचक्रोशीला तपासून घ्यायला शिकवणाऱ्या मास्तरने घरात मात्र नुसतं विचारलं होतं, आणि मिळालेल्या उत्तरावर रंगरावाच्या भक्तांइतकाच विश्वास ठेवला होता. तीन आठवड्यांत एकदाही त्यांनी आईला उठताना पाहिलं नव्हतं.

रंगराव आजही आहे. गुरुवारीच भेटतो. त्याला हसायचं तर खुशाल हसा, पण तेवढ्याने कोणाचे पाय वाचत नाहीत. तुमच्या घरातलं माणूस लाथेने, अंगाऱ्याने, नाहीतर आपली काळजी नको म्हणून "बरं आहे" म्हणत असेल, तर ते ऐकून घ्या आणि मग त्याच्यासमोर बसा. हात न टेकता त्याला उठायला सांगा. चालायला सांगा. पाहा. कालच्यापेक्षा आज जड जात असेल, तर कोणता वार आहे ते विचारू नका, दवाखाना गाठा.