एकशे सत्तेचाळिसावं पान

मिसेस पास्कोंनी खांबाला टेकून उजव्या पायातला बूट काढला, उलटा करून झटकला आणि त्यातून पडलेला खडा काठीच्या टोकानं बाजूला सारला. क्लाइव्ह रेडफर्न त्यांच्या कोपराला हात देऊन उभा होता. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये सकाळी इतकं शांत होतं की खडा फरशीवरून घरंगळत गेल्याचं ऐकू आलं.

"एकशे सत्तर मीटर," तो म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग त्या टोकाला नको जायला. किती वाजले, मास्तर?"

क्लाइव्हनं तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. सकाळी गाडीत ते कळल्यापासून त्या त्याला मास्तर म्हणू लागल्या होत्या. निवृत्तीनंतर तो स्वतःच्या गाडीतून लोकांना कॅथेड्रलं दाखवत असे. एक दिवस, तीन कॅथेड्रलं, मध्ये जेवण. आजच्या तिन्हींपैकी मिसेस पास्कोंना एकच पाहायचं होतं, हॅलबरीचं. विंचेस्टर आणि दुपारचं सॉल्सबरी त्यांच्या मुलीनं, ज्युडिथनं, यादीत घातलं होतं. आई सहलीला निघाली आहे असं वाटावं म्हणून.

पावणेदहाला त्यांनी गाडी हॅलबरीच्या रस्त्याला लावली. गाडीत मिसेस पास्को फारशा बोलल्या नाहीत. आधी जे काही सांगायचं ते ज्युडिथनंच फोनवर सांगितलं होतं. तिचा भाऊ कॉलिन ब्याऐंशी साली, एकोणिसाव्या वर्षी, दक्षिण अटलांटिकमधल्या युद्धात जहाजाला आग लागून गेला. हाती काहीच आलं नाही, त्यामुळे कबर नाही. वडिलांनी घरात त्याचं नाव काढायला बंदी केली आणि ती चाळीस वर्षं पाळली गेली. वडील या जानेवारीत गेले. फेब्रुवारीत आईच्या पोटाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ऑगस्टपर्यंत म्हटलं होतं, आणि ते आईच्या समोरच म्हटलं होतं.

हॅलबरीच्या कॅथेड्रलमध्ये कॉलिनच्या रेजिमेंटचं पुस्तक आहे. मेलेल्या प्रत्येक सैनिकाचं नाव चामड्याच्या पानांवर हातानं लिहिलेलं. पुस्तक काचेखाली उघडं असतं आणि रोज सकाळी अकराला रेजिमेंटचा एक जुना शिपाई येऊन एक पान उलटतो. दोनशे एकसष्ट पानं आहेत. कॉलिनचं नाव एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर आहे, असं ज्युडिथला संग्रहालयाकडून पूर्वी कधीतरी पत्रानं कळलं होतं.

"दगडावरही नाव आहे म्हणतात त्याचं, लंडनमध्ये," मिसेस पास्को एकदम म्हणाल्या. गाडी एका ट्रॅक्टरमागे रांगत होती. "पण दगडावर यंत्रानं कोरतात. इथं कुणीतरी बसून लिहिलंय. शाई वाळेपर्यंत थांबलं असेल की नाही?"

"थांबावंच लागतं," क्लाइव्ह म्हणाला. "चामडं शाई सावकाश पितं."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं.

तारीख क्लाइव्हनं काढली होती. तीन मार्चला तो दुसऱ्या पाहुण्यांबरोबर हॅलबरीत होता. अकराच्या घंटेनंतर एकाहत्तरावं पान उघडं होतं, हे त्याच्या वहीत होतं. असलं काहीतरी टिपून ठेवायची त्याला सवयच होती. एकशे सत्तेचाळीस वजा एकाहत्तर, शहात्तर दिवस. म्हणजे अठरा मे. पण मध्ये गुड फ्रायडे येतो. त्या दिवशी कॅथेड्रलच्या घंटा गप्प असतात, वेदीवरचं कापडही काढून ठेवतात, कुणी कशाला हात लावत नाही. तो लहानपणी चर्चच्या गायकवृंदात होता, त्याला हे कुणी सांगायला नको होतं. एक दिवस पुढे. एकोणीस मे, म्हणजे आज. संग्रहालयाचा फोन आठवड्यातून दोनच दिवस कुणी उचलत असे. त्याला हिशेब पुरेसा वाटला होता.

ते पोहोचले तेव्हा अकराला बारा मिनिटं होती. रेजिमेंटचं चॅपेल डाव्या हाताला, कॅथेड्रलच्या भिंतीत काढलेल्या एका लांबट खोलीएवढं. छताला जुने झेंडे टांगलेले, त्यांचं कापड जाळीसारखं विरलेलं. खुर्च्यांच्या तीन रांगा, पुढे ओकची पेटी आणि तिच्यावर तिरपी काच.

मिसेस पास्को काठी टेकत थेट पेटीकडे निघाल्या.

"आत्ता नको," क्लाइव्ह म्हणाला. "आत्ता एकशे सेहेचाळीस उघडं आहे. अकराला आपलं येईल. तोवर बसा, मग हवं तेवढं उभं राहता येईल."

"तुमचं ऐकायला हवं. नाहीतर अंगठे धरून उभं कराल."

त्या पहिल्या रांगेत बसल्या. पेटी त्यांच्यापासून तीन पावलांवर होती. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, रुमालानं पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. क्लाइव्हनं त्यांच्या शेजारी बसून घड्याळाकडे पाहिलं. उत्तर आलं की एकदा उलट करून तपासा, हे त्यानं वर्षानुवर्षं मुलांना बजावलं होतं, न तपासल्याबद्दल गुणही कापले होते. उठून तीन पावलं जायला किती वेळ लागणार होता, हे नंतर त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

अकराला वर कुठेतरी एकच टोल पडला. सत्तरीचा एक माणूस आत आला. छातीवर पदकं, हातांत पांढरे हातमोजे. पेटीसमोर उभा राहून त्यानं सलाम केला, काच वर केली, उजवं पान दोन्ही हातांनी उचललं आणि डावीकडे नेऊन ठेवलं. काच बंद केली. चार ओळींची प्रार्थना म्हटली, पुन्हा सलाम केला.

मिसेस पास्को उठून उभ्या होत्याच. त्यांनी पेटीच्या कडेला हात धरला आणि वरून खाली वाचत गेल्या. ओठ हलत होते. पेन. पेनफोल्ड. पर्सिव्हल, पर्सिव्हल. शेवटपर्यंत जाऊन त्या पुन्हा वर आल्या.

क्लाइव्हनं पानाचा कोपरा पाहिला. एकशे अठ्ठेचाळीस.

"पास्को नाही यात," त्या म्हणाल्या. "मीच पान चुकीचं सांगितलं असेल. हल्ली डोकं चालत नाही माझं."

क्लाइव्ह मोजे काढत असलेल्या माणसाकडे वळला. त्यांचं नाव टफनेल होतं. क्लाइव्हनं हलक्या आवाजात विचारलं, एकशे सत्तेचाळीस कधी होतं?

"आत्ता उलटलं ते," टफनेल म्हणाले. "काल अकरापासून उघडं होतं."

"पण गुड फ्रायडेला…"

"त्या दिवशी घंटा वाजत नाही, बरोबर. घंटा पाद्रीबुवांची. पुस्तक आमचं आहे. आम्ही घंटेशिवाय उलटतो."

क्लाइव्हला मिसेस पास्कोंकडे वळून पाहायचं धैर्य झालं नाही. त्यानं टफनेलना सगळं सांगितलं, मुलगा, आग, ऑगस्ट, आणि एकच पान मागे घ्यायची विनंती केली. एक मिनिट. कुणाला कळणार नाही.

टफनेलनी ऐकून घेतलं. मग मोजे एकावर एक ठेवून घडी घातली.

"बाईसाहेब," ते क्लाइव्हला ओलांडून मिसेस पास्कोंशी बोलले. "शंभर वर्षं होत आली, हे पुस्तक एकदाही मागे गेलेलं नाही. आमच्या पहिल्या माणसांनी तशी शपथ घेतली होती. ज्याचा दिवस त्याचा. मागे घेतलं तर आजचे वीसजण झाकले जातात. त्यांच्याकडे कुणी आलेलं नाही, म्हणून झाकायचे?"

मिसेस पास्कोंनी उजव्या पानावरच्या नावांकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "झाकू नका."

टफनेलनी काचेच्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं. तिथलं पान कोरं होतं, किंचित पिवळं. लिहितात ते एकाच बाजूला.

"ही त्याच्या पानाची पाठ," ते म्हणाले. "एवढंच मला दाखवता येईल."

मिसेस पास्कोंनी काचेवर तळहात ठेवला. चामड्यातून पलीकडची अक्षरं दिसतात का, हे क्लाइव्ह वाकून शोधत होता. पातळ चामड्यात क्वचित दिसतात. हे जाड, चांगल्या प्रतीचं होतं.

"मी गुड फ्रायडेचा दिवस वगळला," तो म्हणाला. "चूक तुमची नाही. माझी आहे. आणि मीच तुम्हाला बसवलं."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "ऐकू येतं मला अजून."

काचेवरचा हात काढल्यावर तिथं पंजाची वाफ राहिली, ती कडांकडून आत विरत गेली. मग त्यांनी उजवं पान पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. एका नावापाशी थांबून विचारलं की पहिलं अक्षर लालच असतं का सगळ्यांचं. टफनेल हो म्हणाले. प्रत्येक आडनावाचं पहिलं अक्षर लाल, बाकी काळं, तारीख बारीक अक्षरात उजवीकडे. मिसेस पास्कोंनी मान हलवली.

गाडीत बसल्यावर सॉल्सबरी नको, घरी जाऊ, एवढंच त्या म्हणाल्या. क्लाइव्हनं पट्टा लावून दिला. तो चावी फिरवणार तोच त्याचा फोन वाजला. पडद्यावर ज्युडिथचं नाव होतं. त्यानं मिसेस पास्कोंकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला.

"हो गं, पाहिलं," त्या म्हणाल्या. "वाचलं ना. पास्को, कॉलिन जेम्स. पहिलं अक्षर लाल आहे, बाकी सगळं काळं. तारीख बाजूला, बारीक… नाही, रडले नाही. तू रडू नकोस. इतकं स्वच्छ लिहिलंय की चष्म्याशिवायही दिसलं असतं… अगदी वेळेवर आणलं यांनी. बारा मिनिटं आधीच."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. आवारातल्या हिरवळीवर एक माणूस गवत कापण्याचं यंत्र ओढत या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषा काढत होता. त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"घ्या," त्या म्हणाल्या आणि फोन क्लाइव्हपुढे धरला. "तिला तुमचे आभार मानायचेत."

त्यानं फोन कानाला लावला. ज्युडिथ रडत रडत बोलत होती. दोन वाक्यांत तिनं तीनदा त्याचे आभार मानले. मिसेस पास्को मान न वळवता समोरच्या काचेतून पाहत होत्या. ज्युडिथ थांबेपर्यंत तो थांबला.

"अक्षर खरंच सुरेख होतं," तो म्हणाला.