पित्तर उठेना

आमच्या अल्लीपुरात बापूजींना जेवायला बोलावणं म्हणजे आपल्याच हातानं परीक्षा मांडून घेणं. लग्न कुणाचंही असो, हा माणूस हात धुवायच्या आधी यजमानाला गाठून सांगणार, "वरण खारट झालं बाप्पा." माझ्याच लग्नातल्या भाताला त्यांनी चिखल म्हटलं होतं, ते मी काही विसरले नाही. त्यामुळे सासऱ्यांचा पित्तर म्हणून बापूजींना बसवायचं असं सासूबाईंनी ठरवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

घरातलं माणूस गेलं की त्यानंतर येणाऱ्या पहिल्या अक्षय तृतीयेला त्याच्या जागी कुणाला तरी पाटावर बसवायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. तो पित्तर. त्याच्या पोटात पडेल ते गेलेल्याला पोचतं. शेवटी घरच्यांनी विचारायचं, "पोट भरलं का?" त्यानं म्हणायचं, "भरलं," आणि उठायचं. एवढ्याशा कामाला तोंड मिटून जेवणारा माणूस पुरतो.

"आई, गावात दुसरं कोनी नाई का?" मी विचारलं.

"त्यायचा दोस्त दुसरा कोनी नोता," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

खरंच नव्हता. माझे सासरे पुंडलिकराव आणि बापूजी यांच्या भाजीच्या वाड्या धुऱ्याला धुरा लागून, मधे एकच बांध. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, एकाच गाडीत घालून दोघं वर्ध्याच्या बाजारात जायचे, आणि जाता-येता भांडायचे.

सासऱ्यांना शुगर निघाली तेव्हा सासूबाईंनी कंबर कसली. साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. सासऱ्यांचा जीव तांदळाच्या खिरीत, आणि चोरून खायची खोड, म्हणून सणाची खीरसुद्धा फिकीच शिजू लागली. ज्याला गोड पाहिजे त्यानं आपल्या वाटीत वरून साखर घालून घ्यायची. सासूबाई स्वतःच्या वाटीत कधी घालत नसत. नवऱ्यासमोर गोड कसं खायचं, असं त्यांना वाटत असावं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही. आठ-नऊ वर्षं अशीच गेली.

सासरे मात्र दर सणाला वाटी पुढे करायचे. "घाल वो वैभवची माय, एक चमचा. काय होते मले?"

"मरसान."

"मंग मेल्यावर घालजो."

"घालीन."

आम्ही सगळे हसायचो. माघात सासरे झोपेतच गेले, आणि त्या हसण्यातला तो एक शब्द सासूबाईंच्या काळजात काट्यासारखा राहिला. भाजी निवडता निवडता मध्येच थांबून म्हणायच्या, "मेल्यावर घालीन म्हनलं वो मी त्यायले. असं बोलते का कोनी?" अक्षय तृतीयेला सासऱ्यांच्या पानात गोड खीर पडली पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

त्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाकलूनच दिलं. "खीर मी करतो. तू बाहीर वडे तळ." अंगणातल्या चुलीपाशी बसून मला आतलं दिसत होतं. त्यांनी तांदूळ तुपात परतून भरड केला, दूध आटवलं, चारोळी टाकली, जायफळ उगाळलं. शेगडीच्या बाजूला मोठी वाटी शिगोशीग साखरेनं भरून, ताटलीनं झाकून ठेवली होती. साखर सगळ्यात शेवटी पडते. आधी घातली तर तांदूळ शिजत नाही. आणि पित्तराच्या आधी कुणी चाखायचं नाही, म्हणून कुणी चाखलं नाही.

दुपारी बापूजी आले. पांढरा सदरा, खांद्यावर नवा दुपट्टा. माझा नवरा वैभव, त्यानं त्यांचे पाय धुतले, पाटावर बसवलं. बापूजींनी खिरीपासूनच सुरुवात केली. पहिला घोट घेतला आणि थांबले. वाटीकडे पाहिलं. मी म्हटलं, झालं, आता बोलतात! पण बोलले नाहीत. खाली मान घालून पुरणपोळी, कढी, वडे सगळं नीट खाल्लं. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई हात जोडून समोर आल्या. "पोट भरलं का?"

"नाई," बापूजी म्हणाले.

पित्तराला नाही म्हणता येतं हे आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. वैभव पोळी घेऊन धावला. नको. वडे? नको. पाटावरून मात्र हलायला तयार नाहीत. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"बापूजी, आजच्या दिवशी तरी खोड काढू नका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खीर फिकी हाय. पुंडलिक उठत नाई."

सासूबाई मागे वळल्या आणि आत गेल्या. मी पाठोपाठ. शेगडीच्या बाजूला ताटली होती तशीच झाकलेली. त्यांनी ती उचलली. खाली साखर शिगोशीग. आठ-नऊ वर्षं तांदूळ शिजला की हातानं साखरेविना पातेलं उतरवलं होतं, आजही हातानं तेच केलं होतं.

त्या मटकन खाली बसल्या. "हातानं दगा देल्ला वो मोहिनी. आजबी फिकीच चारली मी त्यायले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मग मी साखरेची वाटी त्यांच्या हातात दिली. "आई, उठा. ते उठले नाईत अजून. बसूनच हायत."

बाहेर येऊन त्यांनी बापूजींच्या वाटीत ताजी खीर वाढली. वर एक चमचा साखर घातली. आणि हात थांबला. दुसरा चमचा त्यांच्यानं घालवेना.

बापूजींनी मान वर न करता वाटी पुढे सरकवली. "घाल वो वैभवची माय. आता काय होते मले?"

जन्मभर या माणसानं त्यांना वयनी म्हटलं होतं. सासूबाईंनी सगळी साखर त्या वाटीत उपडी केली. ती खिरीवरून ताटात सांडली, पाटावर सांडली. "घ्या," त्या हमसून हमसून रडत म्हणाल्या, "घ्या, खा. सारी खा."

बापूजींनी खाल्ली. दाताखाली साखर कुरकुर वाजत होती, पण कुणी हसलं नाही. वाटी बोटानं पुसून झाली तेव्हा सासूबाईंनी परत विचारलं, "भरलं पोट?"

"भरलं," ते म्हणाले, आणि उठले.

अंगणात हात धुताना पुन्हा बापूजी झाले. "वयनी, कढी पातळ झाली हो. अन् सूनबाईचे वडे तेलकट हायत." मी त्यांना टॉवेल दिला आणि, देवाची शपथ, मला जराही राग आला नाही.

मग आम्ही घरची माणसं बसलो. खीर वाढली आणि मी कपाटातून साखरेचा डबा काढून सगळ्यांच्या वाटीत घालत गेले. वैभवला घातली, मला घेतली. सासूबाईंची वाटी सवयीनं वगळून मी डब्याचं झाकण लावायला लागले.

त्यांनी वाटी पुढे सरकवली.

"घाल वो," त्या म्हणाल्या. "मलेबी घाल."