चष्मेवाल्यांच्या गिटारीचा आवाज

चष्मेवाल्यांचा कॉलेजातला बँड बत्तीस वर्षांनी पुन्हा उभा राहणार होता. ड्रम वाजवणारा त्यांचा मित्र ठोक्या रविवारी घरी येऊन त्यांची ऱ्हिदम गिटार ऐकणार होता. "तो जुना आवाज निघाला तर तू, नाहीतर माझा मेहुणा," असं त्यानं फोनवर सरळ सांगून टाकलं. मेहुणा पस्तिशीचा, आणि वर डोक्यावर केसही. त्या बँडखेरीज आपल्या आयुष्यात चार लोकांना सांगण्यासारखं काही घडलेलं नाही, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

तो आवाज म्हणजे जुन्या रॉकमधला, किंचित फाटलेला, तरी तार न् तार वेगळी ऐकू येणारा. चष्मेवाल्यांनी पायानं दाबायची तीन पेडलं आणली, जेवणाच्या खोलीत अ‍ॅम्प मांडला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यावर रजई टाकली आणि आपल्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना करतात तेच घरी सुरू केलं. एक कॉर्ड हळूच छेडायचा, बटण केसभर फिरवायचं, पुन्हा छेडायचा आणि बायकोला विचारायचं,

"हा बरा, की आधीचा?"

"दोन्ही सारखेच."

"नीट ऐक. आता? हा, की हा?"

तीन दिवस तिनं इमानेइतबारे उत्तरं दिली. चौथ्या दिवशी ती "हा" म्हणाली, तेव्हा चष्मेवाल्यांनी अजून काही वाजवलंच नव्हतं.

आवाज मनासारखा फाटेना, म्हणून ते अ‍ॅम्पवरचं आवाज फाडायचं बटण वाढवत गेले. शनिवारी मिक्सरमध्ये खिळे घातल्यासारखं ऐकू यायला लागलं, तरी यांना वाटे, अजून पाव नंबर हवा.

रविवारी ठोक्यानं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. उठून तिन्ही पेडलं काढली, रजई फेकली, ते बटण जवळजवळ शून्यावर आणलं.

"तेव्हा आपल्याकडे यातलं काय होतं रे? वाजव."

चष्मेवाल्यांनी वाजवलं. आवाज निघाला तो स्वच्छ, सौम्य, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवावी तसा. इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना न दुखवता हात लावलेला; ती सवय बोटांतून जाणार कशी? ठोक्यानं घड्याळ पाहिलं. चष्मेवाल्यांना रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मेहुण्यालाच घ्या. यांना तेव्हा तरी कुठं जमायचं? लग्न ठरलं होतं म्हणून मी आपली टाळ्या वाजवायचे."

बत्तीस वर्षांनी हे! चष्मेवाल्यांची कानशिलं तापली. त्यांनी पार खांद्यापासून जोर लावून सहाच्या सहा तारांवर असा फटका हाणला की खिडकीची तावदानं थरथरली. बटण शून्यापाशीच होतं, आणि अ‍ॅम्पमधून तो आवाज येत होता. तोच. शेजाऱ्यांनी भिंतीवर धपाटे घातले, तर ठोक्यानं त्यावर ताल धरला. चष्मेवाले थांबेचनात. इतका आनंद त्यांना दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

"गुरुवारी सहाला तालीम," ठोक्या दारात म्हणाला. "आणि वहिनींना घेऊन ये."

"मला नाही जमायचं," बायको म्हणाली. "पण यांना काहीतरी बोलूनच घराबाहेर काढीन."

ठोक्या गेला. चष्मेवाल्यांनी गिटार भिंतीला टेकवली आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "ते टाळ्यांचं... खरं होतं?"

"ते गुरुवारी सांगेन," बायको म्हणाली. "तुम्ही निघताना."